तीनशे अकरा

महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे.
मालकाचा नातू म्हणतो, काका, सावकाश करा,
आणि दर सोमवारी फरशी मापायला माणूस आणतो.
वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उघडणारी ही एकच खिडकी,
तिच्या जिवावर बाहेर नवी पाटी लागेल.

मी पावतीपुस्तकं बांधतोय काथ्याने.
वर्गणी आठ आणे. सही: मुकुंद आजगावकर.
मास्तरांची सही शेवटाकडे वर चढत जायची,
डोक्यावर ओझं घेऊन घाटी चढावी तशी.

निशाणी त्यांनीच निवडली, वल्हं.
म्हणाले, ज्याच्या हाताला घट्टे त्याला ते समजेल.
समजलं. खोताच्या अंगणात कुळं
पहिल्यांदा वहाणा न काढता उभी राहिली
आणि खंडाचं भात परत घरी घेऊन गेली.

काजूच्या कारखान्यातल्या आवडाबाई कांबळीची बोटं
टरफलाच्या तेलाने इतकी काळी
की मतदानाला अधिकारी अडला, शाई लावू कुठे?
"खंयय लाव रे झिला, ह्या हाताक काळो रंग नवो नाय."

निकाल पहाटे लागला.
इनास फर्नांडिसने भट्टीतले सगळे पाव वाटले
आणि वहीत लिहिलं: पक्षाला उधार.
ती उधारी अजून तशीच आहे. इनास नाही.

मग आम्ही सोसायटी काढली. कर्जं मिळवली.
दाऊद मुजावरच्या होडीला पहिलं इंजिन बसलं,
मास्तरांनी नारळ फोडला,
आणि वल्हं माळ्यावर गेलं.
आपलीच निशाणी आपण अडगळीत टाकतोय
हे त्या दिवशी टाळ्या वाजवताना
कोणाच्या ध्यानात आलं?

फुटलो ते मात्र एका शब्दावरून.
मोठ्या पक्षात विलीन व्हायला 'तत्त्वतः' मान्यता,
की 'तूर्त तत्त्वतः'?
रात्री अडीचपर्यंत. कंदिलातलं तेल संपलं
तरी अंधारात दुरुस्त्या सुचवत होतो.
नंतर ह्याच खोलीची किल्ली वाटून घेतली:
सम तारखा त्यांच्या, विषम आमच्या.
एकतीस आणि एक असे लागोपाठ दोन दिवस मिळाले
की आम्हाला जिंकल्यासारखं वाटायचं.

मास्तर गेले तेव्हा शोकसभा दोन झाल्या.
खुर्च्या एकाच दुकानातून आल्या, एकाच हातगाडीवर.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही.
कातळावरच्या जमिनींना भाव आला,
सभेनंतर वडे-कोंबडी आली.
आमच्या अभ्यासवर्गात बोलायला शिकलेला सुहास गावडे
आता तिकडच्या स्टेजवर आमचीच वाक्यं बोलतो,
कर्ता तेवढा बदलून.
चांगलं बोलतो. मी मागे उभा राहून ऐकलंय.

गेल्या खेपेला मीच उभा राहिलो, दुसरं कोण होतं?
दाऊदच्या नातीने पत्रक उलटसुलट करून पाहिलं.
"काका, ह्यो चमचो खंयचो?"
मी हसलो. घरी येऊन नाही हसलो.

मतं तीनशे अकरा. अनामत जप्त.
त्या रात्री यादी घेऊन बसलो,
नावापुढे नाव, वाडीवार:
आवडाबाईच्या दोन सुना, सोसायटीचा जुना कारकून,
ज्यांच्या बापाने खंड नाकारला ती घरं,
मी धरून, बायको धरून (तिने शपथ घेतली)
तीनशे नऊ.

दोन मतं कोणाची?

तेव्हापासून बाजारात बांगडे घेताना
माणसं माझ्याकडे बघतात त्याहून जरा जास्त वेळ
मी त्यांच्याकडे बघतो.
विचारत नाही. मत गुप्त असतं,
हे ह्याच खोलीत खडूने फळ्यावर लिहिलं होतं.

काथ्या अपुरा पडला. अर्धी पुस्तकं सुटीच आहेत.
नातवाला आता निरोप पाठवलाय,
पुढच्या महिन्याचंही भाडं धर.